एक्झॉस्टची जाळी

आधी अक्कांचं सांगते, बाकीचं मग.

अक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. वय सत्तरच्या आसपास. जैन. प्राथमिक शाळेत बाई होत्या, आता निवृत्त आहेत आणि एकट्याच राहतात; मुलगा-सून बंगळूरला असतात. शिवाजी पेठेत त्यांच्या घराच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला जी एक खोली आहे, ती आमच्याकडे भाड्यानं आहे. इकडं थोरल्या बाईला अक्का म्हणतात हे मला इथं आल्यावर कळलं. या अक्कांनी गेल्या वर्षी मला बावीस दिवस त्यांचं स्वयंपाकघर वापरायला दिलं. तिथं कांदा-लसूण जात नाही, पाणी फडक्यानं गाळल्याशिवाय भांड्यात पडत नाही, आणि त्यांची स्वतःची सूनही आंघोळ केल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. तिथं मी, मटण खाणाऱ्या घरातली बाई, रोज पन्नास ते ऐंशी भाकऱ्या थापत होते. त्यांनी हे का केलं ते त्यांनी मला सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही. काय झालं तेवढं लिहिते.

मी वाशीमकडची. आठवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं, नवऱ्याला इथल्या एका फाउंड्रीत काम लागलं म्हणून कोल्हापूरला आलो. माहेर इथून एक रात्र आणि वर अर्धा दिवस. मुलगी इथंच झाली. नवऱ्याच्या पगारात भागेना तेव्हा मी दोन खानावळींच्या ज्वारीच्या भाकऱ्या घेतल्या. एकीच्या पन्नास, दुसरीच्या तीस. काम चांगलं होतं. घरातल्या घरात, मुलगी नजरेसमोर.

खोलीला दार एकच आणि ते बोळात उघडतं. खिडकी नाही. मागची भिंत जुन्या घराची, दगडमातीची, दोन फूट जाड. ऐंशी भाकऱ्या म्हणजे चार तास शेगडी पेटलेली, तव्यावर जळणारं पीठ, आणि परातीतून उडणारं बारीक पीठ खोलीभर. माझ्या केसांत, अंथरुणात, देवाच्या फोटोवर सगळीकडं पांढरं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. गावी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंती आणि पत्रा यांच्यामध्ये हातभर फट होती, धूर तिकडून जायचा. ती फट कुणी मुद्दाम ठेवली होती की बांधायची राहून गेली होती, माहीत नाही. हवेचा विचार करायचा असतो हेच मला माहीत नव्हतं.

मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा तिच्या छातीत घरघर सुरू झाली. पहिल्यांदा सर्दी म्हणून सोडून दिलं. मग वाफ द्यावी लागली, मग पंप आला. डॉक्टरांनी दोन-तीन वेळा औषध बदललं आणि मग विचारलं, "घरात चूल पेटते का? खोली केवढी? खिडकी?" मी सांगितलं. ते म्हणाले, "एक तर भाकऱ्या बंद करा, नाहीतर खोलीतली हवा खेळती करा. तेही होत नसेल तर पोरीला थोडी वर्षं गावाकडं ठेवा. ह्या खोलीत हिचं औषधानं भागायचं न्हाई."

थोडी वर्षं. मी घरी आले आणि तिचे कपडे एका पिशवीत भरले. घाबरले की मी सामान भरायला लागते, ती माझी सवय आहे. आईला फोन केला. ती म्हणाली, "पाठवून दे न माय तिले इकडं. हवा काय इकत घ्या लागते काय इथं?"

तिचंही खरं होतं. पण गावी पाठवली तर ती मला वर्षातून दोनदा दिसणार होती. पिशवी भरून मी माळ्यावर ठेवली आणि नवऱ्याला म्हटलं, जूनमध्ये शाळेत नाव घालायच्या आत काय ते ठरवू.

विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "खोली केवढी हाय?" नवऱ्यानं सांगितलं. "मग बारा इंची एक्झॉस्ट घ्या. एकवीसशे. गवंडी भोक पाडून देईल. झालं." नवरा म्हणाला, "भिंत दोन फुटी आहे." दुकानदार हसला. "पावणं, घरात राहताय का किल्ल्यात?"

तिथून खर्च वाढत गेला. पंखा नऊ इंची भिंतीसाठी असतो. दोन फुटी भिंतीत नुसतं भोक पाडलं तर हवा वाटेतच अडते आणि माती पंख्यात पडते, म्हणून भिंतीच्या जाडीएवढा पत्र्याचा पाइप बसवावा लागतो. तो तयार मिळत नाही. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून करून घ्यायचा, त्याचे साडेआठशे. गवंड्यानं भिंत बघून बाराशे सांगितले. वायर, बटण आणि जोडणी चारशे. नवऱ्याचा जवळजवळ अर्ध्या महिन्याचा पगार. आणि भिंत आमची नव्हती.

अक्कांना विचारायला मी एकटीच वर गेले. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. डॉक्टरांचा कागद दाखवला. तो इंग्रजीत होता. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला.

"कुठल्या भिंतीत?"

"मागच्या."

"ती माझ्या सासऱ्यांनी बांधलेली हाय. भोक पाड. पण एक सांगतो, बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी पाहिजे. पाखरू, किडा-मुंगी आत येऊन पात्यात सापडायला नको. जाळीशिवाय पंखा चालवायचा न्हाई. कबूल?"

इकडच्या बाया 'सांगतो', 'जातो' म्हणतात. माझी मुलगीही आता तसंच म्हणते. मी कबूल म्हटलं. मुलगी राहणार असेल तर मी कशालाही कबूल होते.

पंखा बसला. चार दिवस झाले तरी खोलीत काही फरक पडेना. पंखा गरगरत होता, धूर मात्र छताखाली तसाच तरंगत होता. दुकानदारानं फसवलं असं नवऱ्यानं ठरवून टाकलं. पाचव्या दिवशी अक्का खाली आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे दार का लावलंयस? आणि खाली हे पोतं कशाला?"

दाराखालच्या फटीत आम्ही पोतं कोंबलं होतं. एसीच्या दुकानात दार लावून घ्या म्हणून पाटी असते, ती नवऱ्यानं वाचली होती. एवढे पैसे घालून पंखा बसवलाय, तर खोली सगळीकडून बंद पाहिजे असं आम्हाला वाटलं. मी तर देवळीजवळची एक भेगही पिठानं बुजवली होती.

अक्कांनी मुलीच्या वहीचं पान मागितलं. त्याची पट्टी फाडून पंख्याच्या पिंजऱ्यापुढं धरली. पट्टी नुसती हलली. मग त्यांनी पायानं पोतं बाजूला सारलं, दार चार बोटं उघडलं आणि पट्टी पुन्हा धरली. पट्टी पिंजऱ्याला जाऊन चिकटली, हात सोडला तरी पडली नाही.

"आत यायला वाट ठेव की. आत येईल तेव्हाच बाहेर जाईल. कोंडलेल्या खोलीतनं तो काय ओढणार, कपाळ?"

मी म्हटलं, "हे नववीच्या पुस्तकात असेल, मी आठवीतच शाळा सोडली."

"चौथीच्या हाय," अक्का म्हणाल्या.

नवऱ्यानं दाराचा खालचा भाग तीन बोटं कापला आणि उंदरांसाठी तिथं जाड जाळी ठोकली. त्या दिवसापासून खोलीतला धूर जायला लागला. मुलगी रात्री सलग झोपायला लागली. पंप होताच, पण रोज लागत नव्हता. पिशवी माळ्यावर तशीच ठेवली. उतरवायची हिंमत झाली नाही.

पंखा विकत घेतला की संपलं असं मला वाटलं होतं. तसं नसतं. आठ दिवसांत बाहेरच्या बारीक जाळीवर पीठ आणि तेल बसून त्याचा पापुद्रा झाला. हवा पुन्हा अडली. मग दर रविवारी मागच्या बोळात स्टूल लावायचं, चार स्क्रू काढायचे, जाळी गरम पाण्यात सोडा घालून भिजवायची, ब्रशनं घासायची, वाळवायची, परत बसवायची. त्यात अर्धी सकाळ जायची. पंख्याच्या विजेचे अक्कांच्या पोटमीटरवर महिन्याला शंभरच्या वर पडायचे. नऊ महिन्यांनी पंखा कुरकुरायला लागला. मेकॅनिक म्हणाला, "बुश गेलंय. पिठाच्या घरात लवकरच जातंय, वैनी." बुशचे, म्हणजे पंख्याचा दांडा ज्यात फिरतो त्या कडीचे, आणि त्याच्या येण्या-जाण्याचे मिळून साडेचारशे. मी दिले. पर्याय माळ्यावर ठेवलेला होता.

एका रविवारी स्क्रू काढून जाळी भिजवली आणि पंखा तसाच चालू केला. बिनजाळीचा पंखा दुप्पट ओढत होता. मुलगी त्या आठवड्यात थोडी खोकत होती. मी जाळी वाळवून कपाटामागं ठेवली. पुढच्या रविवारी लावू असं मनाशी म्हटलं. पुढचा रविवार गेला. त्याच्या पुढचाही. अक्कांना वरच्या खिडकीतून पाइपचं तोंड दिसत नव्हतं आणि गुडघ्यांमुळं त्या मागच्या बोळात जात नसत. हे मला माहीत होतं.

मग मे महिन्यात भावाचं लग्न आलं. पंखा बंद करून, दाराला कुलूप लावून आम्ही बारा दिवस गावी गेलो.

परत आलो त्या दिवशी मी पंख्याचं बटण दाबणार, तेवढ्यात पाइपमधून चिवचिव ऐकू आली. मी मागं गेले, स्टूल लावलं, आत बघितलं. पाइपमध्ये गवत, दोरे, कुणाच्या तरी झाडूच्या काड्या, माझ्याच कपड्यांतली एक लाल लेस. त्यात चार अंडी. चिमणी माझ्या तोंडावरून भुर्रकन उडाली.

नवरा म्हणाला, "गवतासकट उचलून बोळात ठेव. कुणाला कळतंय?"

मी हात आत घातलाही होता. अंडी गरम होती. तेवढ्यात मुलगी मागं येऊन उभी राहिली आणि ओरडली, "अक्का! आमच्या पंख्यात चिमणीचं घर झालंय!"

अक्का वरच्या खिडकीत आल्या. मग गुडघे धरत, भिंतीला हात लावत, ज्या बोळात त्या कधी येत नसत तिथं आल्या. त्यांनी पाइपच्या तोंडाकडं बघितलं. स्क्रूची चार भोकं रिकामी होती.

"जाळी कुणी काढली?"

नवरा स्टूल उचलायला लागला.  लग्नाला गेलो तेव्हा पडली असेल म्हणता आलं असतं. पण त्या शाळेत बाई होत्या, आणि मी आठवीतल्या मुलीसारखी उभी होते.

"मी. महिना होऊन गेला. हवा जास्त यायची म्हणून."

 मला वाटलं, आता खोली सोडा म्हणतील. अकरा महिन्यांचा करार संपत आलाच होता. खोली गेली तर भाकऱ्या गेल्या, भाकऱ्या गेल्या तर मुलगी गावी. मी मनात सामान भरायला सुरुवात केली.

त्या म्हणाल्या, "पंखा बंद ठेवायचा. पिल्लं उडून जाईपर्यंत." आणि वर निघून गेल्या. थोड्या वेळानं मुलीच्या हातून एक कागद आला. त्यावर ठळक अक्षरांत 'बंद' लिहिलं होतं. मुलीनं तो स्वतः वाचला आणि बटणावर चिकटवला.

पंख्याशिवाय दुसऱ्या दिवशी दुपारी भाकऱ्या केल्या. संध्याकाळी मुलीला दोनदा पंप द्यावा लागला. मी माळ्यावरून पिशवी खाली काढली. तिचे कपडे वर्षात लहान झाले होते, ते बदलून नवे भरत होते तेव्हा अक्का दारात आल्या. त्यांनी पिशवी बघितली.

"उद्या दहाला वर ये. आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून. पीठ तीन दिवसांच्या वर जुनं चालायचं न्हाई, आणि माझ्या चाळणीनं दोनदा चाळायचं. दिवस मावळायच्या आत शेगडी बंद. पोरीला पण आण."

"अक्का, आम्ही घरी सगळं खातो."

"ठाऊक हाय की. वास येतोय. माझ्याकडं नुसत्या भाकऱ्या करायच्या हायत न्हवं?"

दुसऱ्या दिवसापासून मी वर जायला लागले. त्यांच्या स्वयंपाकघरात पंखा नव्हता. समोरासमोर दोन खिडक्या होत्या, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. वारा एकीतून यायचा, दुसरीतून जायचा. माझ्या तव्यावरचा धूर सरळ रेघेत बाहेर पडायचा. मी पहिल्या दिवशी बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले, तेव्हा पहिली भाकरी करपली. अक्का उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसायच्या. पिठात किडा दिसला तर बोटावर घेऊन खिडकीत सोडायच्या. माझ्या हाताकडं लक्ष असायचं त्यांचं. मुलीला बेरजा घालायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझी भाकरी पातळ हाय. आमच्यात इतकी पातळ करत न्हाईत."

"आमच्याकडं करतात."

"चांगली दिसती. एक ठेव मला."

ती भाकरी त्यांनी दिवस मावळायच्या आत खाल्ली.

खानावळवाल्यांना मात्र रात्रीच्या भाकऱ्या आता चार वाजताच न्याव्या लागायच्या. मोठ्या खानावळीचे मालक बोलायला तिखट. "वैनी, गिऱ्हाईक म्हणतंय भाकरी थंड हाय. काय सांगू त्याला, आमच्या भाकरीवाल्या बाईच्या पंख्यात चिमणी बाळंत झालीया म्हणून?" मी म्हटलं, सांगा. त्यांनी खरंच सांगितलं असावं, कारण दोन-तीन दिवसांनी त्यांचा माणूस भाकऱ्या न्यायला आला आणि विचारू लागला, "किती झाली ओ पिल्लं?" लहान खानावळीनं काम काढून घेतलं. त्या तीस भाकऱ्या परत कधीच मिळाल्या नाहीत.

रोज संध्याकाळी मुलगी मागच्या बोळात स्टूलवर चढायची, अक्का स्टूल धरायच्या, आणि ती वरून बातमी द्यायची. "अक्का, तीन फुटलीत." "अक्का, तोंडं पिवळी हायत." "अक्का, पंख आलेत." बावीस दिवस. त्या दिवसांत मुलीला एकदाही पंप लागला नाही. ते मी मोजत होते. दुसरं काही मोजायचं नव्हतं.

तेविसाव्या दिवशी सकाळी पाइप रिकामा होता. चौथं अंडं तसंच राहिलं होतं. अक्कांनी ते हातात घेतलं आणि दारापुढच्या जास्वंदीच्या बुडात ठेवलं. मग स्वतः बटणावरचा कागद काढला.

पत्र्याच्या कामवाल्याला पुन्हा बोलावलं. जाळी सारखी काढावी लागते म्हटल्यावर त्यानं डोकं खाजवलं आणि दोन जाळ्या करून दिल्या, खाचेच्या चौकटीत सरकवायच्या. एक भिजत असताना दुसरी लावलेली. पाचशे गेले. हे पहिल्याच दिवशी सुचलं असतं तर मी जाळी काढली नसती असं मला वाटतं. पण खात्री नाही. हवा जास्त येत होती हे खरं होतं.

जूनमध्ये मुलीचं नाव इथल्याच शाळेत घातलं. डॉक्टर म्हणाले, "आता बरी हाय, पण खोलीकडं लक्ष ठेवा." पिशवीतले कपडे काढून कपाटात लावले. पिशवी आता पीठ आणायला वापरते.

अक्कांच्या घराशेजारची मोकळी जागा विकली गेली. तिथं आता बांधकाम वर आलंय. त्यांच्या स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर तो विटेला लागतो. परवा मी जाळी धुऊन झाल्यावर वर गेले होते. त्या दूध तापवत होत्या आणि वाफ छताखाली तरंगत होती. दुसरी खिडकी उघडीच होती, पण आत यायची वाट बंद झाली होती. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "मला काय, एकटीचा सैपाक. तेवढा धूर चालतोय."

मी खाली आले. आज माझ्या हातात तेवढे पैसे नाहीत. पण एक दिवस मी त्यांच्या पश्चिमेच्या भिंतीत पंखा बसवून देणार आहे, आणि हवा आत यायला दाराखाली वाट करून देणार आहे. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी असेल. आणि ती दर रविवारी मी धुऊन देईन, तेव्हा आम्ही या खोलीत राहत असू नाहीतर कोल्हापूरच्या दुसऱ्या टोकाला. एकही रविवार चुकवणार नाही.